कोणतीही आपत्ती नाही

बुधवारा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात माणसांना जागा पुरत नव्हती, पण नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सायकलीला मात्र स्वतःचा कोपरा होता. काळी, उंच, मागे रुंद कॅरिअर असलेली ती सायकल रात्री एका जुन्या पाटावर उभी असायची, कारण टायर जमिनीला लागला की ओल धरतो असं नानांचं म्हणणं होतं. दर रविवारी सकाळी नाना धोतर गुडघ्यापर्यंत खोचून तिच्यापुढे बसत, शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेत आणि फडक्याने एकेक तार पुसत. मागचं चाक उलटं फिरवलं की टिकटिकटिक असा आवाज यायचा, आणि त्याच वेळी आत आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत असायची. हे दोन आवाज एकत्र आले की मला कॅलेंडर न बघता रविवार कळायचा. अजूनही कुठे सायकलीचं मोकळं चाक फिरताना ऐकलं की मला भूक लागते, आणि या वयात कळण्याची भाकरी पचत नाही हा भाग निराळा.

मला घरात कोणी नावाने हाक मारत नसे. माझं नाव मनोहर, पण सगळे म्हणत 'काबरं'. काबरं म्हणजे का. आमच्याकडचा शब्द. मी बोलायला लागलो तो म्हणे याच शब्दापासून, आणि मग थांबलोच नाही. तापीला पाणी कमी काबरं, कुंडी भंडाऱ्याच्या जुन्या विहिरीत डोकं घातलं तर आवाज दोनदा काबरं येतो, मांडे उलट्या कढईवरच काबरं भाजतात. आई वैतागून म्हणायची, "याला उत्तर नको असतं, याला नुसतं माझं डोकं खायचं असतं." नाना मात्र प्रत्येक वेळी उत्तर द्यायचे. ते सरकारी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत. एखादा शब्द अडला की ते तो हातात घेऊन उलटापालटा करीत, उपसर्ग कुठला, धातू कुठला ते सांगत, आणि मगच जेवायला बसत. शब्दाच्या बाबतीत त्यांची चूक झालेली मी कधी पाहिली नव्हती, आणि गावानेही पाहिली नव्हती.

त्या सुमारास राज्यांची नव्याने वाटणी झाली. नागपूर आमची राजधानी होती, ती उठून भोपाळला गेली. नागपूर तिकडे मुंबईकडे गेलं, आम्ही इकडे हिंदीच्या राज्यात राहिलो. रस्ते तेच, तापी तीच, पण शाळेत येणारे कागद बदलले. आमची हिंदी बाजारातली होती. 'हरकत', 'एतराज', 'चलता है' यावर आमचं सगळं भागायचं. या नव्या कागदांतली हिंदी पूजेला बसल्यासारखी सोवळ्यात असायची. आणि एक बातमी होती, ती स्वयंपाकघरातसुद्धा पोचली होती. मराठीच्या मास्तरांपैकी काहींना दूर, पार सरगुजाकडे पाठवणार. तिकडे मराठीचा म सुद्धा कोणाला ठाऊक नाही. आईने ते ऐकलं आणि भाकरी तव्यावर तशीच राहिली. म्हणाली, "मला भाजी घेण्यापुरती हिंदी येते. मला हिंदीत रडता येत नाही." नाना म्हणाले, "विचारतील तेव्हा सांगू, की आम्हाला जायचं नाही. विचारल्याशिवाय कोणी उचलून नेत नाही." शाळेतला मराठीचा वर्ग त्यांनी तीन पोरांवर सुरू केला होता. आता पोरं साठ झाली होती, आणि नानांनंतर तो वर्ग धरणारं दुसरं कोणी नव्हतं.

शनिवारी शाळा खात्याचे साहेब आले आणि सगळ्या मास्तरांकडून एक छापील फॉर्म भरून घेतला. नानांनी तो दुपारी घरी आणून, नवीन निब लावून भरला. मी अर्थातच खांद्यावरून बघत होतो. नाव, वय, विषय, परिवारातली माणसं किती, आणि त्याखाली आठवा रकाना. 'आपत्ति, यदि हो.' नानांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाले, "बघ. आ उपसर्ग, पद् धातू. आपत्ती म्हणजे संकट. सरकार बदललं, पण सुसंस्कृत आहे. नोकराच्या घरी काही संकट आहे का, हे विचारायला निराळा रकाना ठेवलाय. इंग्रजांनी कधी विचारलं होतं?" मग त्यांनी त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात, मुद्दाम हिंदीत, लिहिलं, 'ईश्वर की कृपा से कोई आपत्ति नहीं है.' लिहून झाल्यावर टीपकागद दाबला आणि ते वाक्य आईला वाचून दाखवलं. आईने देवाकडे बघून हात जोडले, आणि नाना फॉर्म शाळेत देऊन आले.

दुसऱ्या दिवशी आमची अशीरगडाची सफर ठरलेली होती. आम्ही तिघं. मी, फोपनारचा रघू पाटील आणि शिवनारायण. रघूच्या बापाची केळीची बाग होती. तो रोज नावेत सायकल घालून तापी ओलांडून शाळेत यायचा, त्यामुळे चौदा मैलांची सफर म्हणजे त्याला हातचा मळ होता. शिवनारायण त्याच वर्षी जबलपूरहून आलेला, पोस्टमास्तरांचा मुलगा. तो घरी शिकवलेली शुद्ध हिंदी बोलायचा आणि आम्ही त्याला त्यावरून छळायचो. गडावर जायचं कारण माझंच होतं. वरच्या महादेवाला रोज पहाटे कोणीतरी ताजं फूल वाहून जातं आणि तो अश्वत्थामा असतो, असं सगळं गाव सांगे. मला बघायचं होतं की फूल कोणत्या झाडाचं असतं. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा सायकल माझ्या हातात दिली. "चेन उतरली तर घाईत ओढू नकोस," एवढंच म्हणाले, आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभे राहिले.

गावाच्या तटातल्या शनवाऱ्याच्या दरवाजातून निघालो तेव्हा थंडी बोटांना चावत होती. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकले होते. रघूच्या सायकलीला ब्रेक नव्हता. थांबायचं असलं की तो पुढच्या टायरवर चप्पल दाबायचा आणि रबर जळाल्याचा वास यायचा. शिवनारायण भाड्याच्या सायकलीवर ताठ बसून, गादीवर बसल्यासारखा पायडल मारत होता. वाटेत ज्वारीची रानं संपली आणि साग सुरू झाला. सागाची वाळकी पानं चाकाखाली कुरकुरत होती, पापडाच्या डब्यावर पाय पडावा तशी. मी दर मैलाला उतरून काहीतरी बघत होतो. मुंग्यांचं वारूळ, रस्त्याच्या कडेचा सरकारी दगड, एका झाडाला बांधलेल्या चिंध्या. रघू ओरडायचा, "अबे काबरं, असा दगडं मोजत बसला तं अश्वत्थामा जेवून झोपून जाईन." साधारण दहा मैलांवर मागून एक जीप आली आणि आम्हाला धुळीने न्हाऊ घालून पुढे गेली. पुढे कालचे साहेब बसले होते. मागे चपराशी लाल फडक्यात बांधलेला कागदांचा बस्ता मांडीवर घेऊन, डुलक्या काढत. आम्ही हात हलवला. कोणी बघितलं नाही.

पायथ्याच्या चहावाल्याकडे सायकली ठेवून आम्ही चढलो. फूल होतं. पांढरी कण्हेर, देठातून अजून चीक येत होता. शिवनारायण हात जोडून दोन पावलं मागे सरकला. मी देवळाच्या मागे गेलो तर तिथे कण्हेरीचं झाड, आणि एक डहाळी नुकतीच मोडलेली. "म्हणजे माणूसच," मी म्हणालो. रघू म्हणाला, "तं अश्वत्थामा माणूस नाही तं काय बैल हाये?"  

तिथेच तटाला टेकून आम्ही जेवायला बसलो. आईच्या भाकरी, ठेचा, आणि बुधवाऱ्यातल्या हलवायाकडचा दराबा, जो रवा, साखर आणि तूप इतकं फेटून करतात की जिभेवर ठेवला की नाहीसाच होतो. रघूने केळी आणली होती. फोपनारकडे 'ळ'चा 'य' होतो. "केयी खा, घड कालच उतरवला," तो म्हणाला. खाता खाता एकच केळं उरलं. शिवनारायणने गळा साफ केला आणि आपल्या त्या पूजेच्या भाषेत विचारलं, "यदि किसी को आपत्ति न हो, तो यह अंतिम केला मैं ले लूँ?"

रघू हसून लोळला. "घे ना भो. केयावर कायची आपत्ती येऊ राह्यली?"

मीही हसलो. आणि सवयीने विचारलं, की केळं खायला संकटाचा काय संबंध. शिवनारायण गोंधळला. "संकट? संकट नहीं भाई. आपत्ति. मतलब एतराज. तुम लोग हरकत बोलते हो न, वही."

मी त्याला दोनदा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग मला तो आठवा रकाना दिसला, आणि त्यापुढे नानांचं ते मोत्यासारखं अक्षर. तो फॉर्म बदल्यांसाठीच होता, आणि नानांनी लिहून दिलं होतं, बदलीला ईश्वराच्या कृपेने आमची काही हरकत नाही. नाना विचारण्याची वाट बघत होते, आणि सरकारने विचारून झालं होतं. माझ्या हातातली भाकरी मी तशीच फडक्यात ठेवली.  मी दोघांना सांगितलं. शिवनारायणचा चेहरा असा झाला, जणू त्यानेच काही केलं होतं. रघूने विचारलं एवढंच, "तो बस्ता त्या जीपमंधीच होता ना?"

गड आम्ही कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही, कारण मी फक्त पाय बघत होतो. चहावाला म्हणाला, साहेब पुढच्या रेस्ट हाऊसवर थांबलेत, चार मैल, घाट उतरून. जेवतील, लवंडतील आणि चार वाजता खंडव्याला निघतील. त्याच्या दुकानातल्या घड्याळात तीन वाजून गेले होते. आम्ही घराकडे पाठ करून निघालो. तो घाट इतका सुंदर होता याचा मला आजही राग येतो. उजवीकडे दरी, खाली पळसाचं रान, कुठे पाण्याची एक चकचकीत रेघ, आणि मला काही बघायला फुरसत नाही. रघू सगळ्यात पुढे, चपलेने टायर जाळत. अर्ध्या उतारावर नानांच्या सायकलीची चेन उतरली. मी घाईत ओढणार होतो, मग नानांचे शब्द आठवले, आणि मी खाली बसून, दात ओठात रोवून, एकेक दात्यावर ती हळूहळू चढवली. हात काळे झाले ते मी तसेच चड्डीला पुसले.

जीप अजून उभी होती. साहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते, अंगात बनियन, हातात संत्रं. चपराशी आम्हाला हाकलायला आला. शिवनारायण हळूच म्हणाला, "मैं बोलूँ? मेरी हिंदी ठीक है." मी नाही म्हणालो. काबरं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. बापाचं काम होतं, एवढंच.

मी नाव सांगितलं. साहेब म्हणाले, "अच्छा, वही संस्कृतवाले मास्टर साहब?"

"जी. फॉर्म में भूल हो गई."

"किससे?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. ज्या माणसाची शब्दाच्या बाबतीत कधी चूक झाली नाही, त्याचं नाव माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "मुझसे. नाना का चष्मा टूटा था. उन्होंने बोला, मैंने लिखा. मुझे लगा आपत्ति याने संकट."

साहेबांनी संत्रं खाली ठेवलं, बस्ता मागवला, लाल फडकं सोडलं आणि फॉर्म शोधून काढला. तो वाचताना त्यांच्या मिशा हलल्या. मग एका जुन्या लिफाफ्याची पाठ आणि पेन माझ्यापुढे केलं. "लिखो. ईश्वर की कृपा से."

मी लिहिलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि त्यात चेनचं वंगण. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि एकेक अक्षर ताडून बघितलं. मला वाटलं आता संपलं, खोटं बोलल्याबद्दल नानांचंही नाव खराब होणार.

"पिताजी को पता है तुम यहाँ हो?"

"नहीं."

"बताओगे?"

"नहीं."

"क्यों?"

जन्मभर मी लोकांना काबरं विचारत आलो, आणि मला असं कोणी विचारायची ती पहिलीच वेळ. मी म्हणालो, "उनको शब्द की भूल सहन नहीं होगी."

साहेबांनी लिफाफा घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ठीक है. तो आपत्ति क्या है, वह तो बताओ." वाटेत मी सगळं पाठ केलं होतं, तीन पोरांचा वर्ग, साठ पोरं, नानांचं वय. त्यातलं एक अक्षर हिंदीत सापडेना. तोंडातून निघालं ते एवढंच, "आई को हिंदी में रोना नहीं आता."

चपराशी फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेनचं टोपण काढलं, नानांच्या वाक्यातला 'कोई' खोडला, 'नहीं' खोडला आणि बाजूला सही केली. खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, ते मला उलटं वाचता आलं नाही. उरलं ते वाक्य मात्र मी वाचलं. 'ईश्वर की कृपा से आपत्ति है.' फॉर्म परत बस्त्यात घालताना ते म्हणाले, "आश्वासन नहीं देता. ऊपर जो हो. अब जाओ, अँधेरा होने से पहले घर पहुँचो." अर्धं संत्रं त्यांनी माझ्या काळ्या हातावर ठेवलं. ते आम्ही तिघांनी घाट चढताना, सायकली हातात धरून, एकेक फोड करून खाल्लं. शिवनारायणने त्या दिवसापासून 'आपत्ति' हा शब्द सोडला. तो 'हरकत' म्हणायला लागला, आणि तेही आमच्यासारखं, ओढून.

दिवेलागण होऊन गेल्यावर घरी पोचलो. मांड्या अशा भरून आल्या होत्या की उंबरा ओलांडताना मी चौकट धरली. नानांनी माझ्याकडे बघण्याआधी सायकलीकडे बघितलं. कंदील खाली धरला, चेनवरून बोट फिरवलं, मग मडगार्डच्या आत बोट घातलं आणि ते उजेडात धरलं. बोटाला तांबडी माती लागली होती. आमच्या बाजूला सगळी काळी माती. तांबडी लागते ती घाट उतरल्यावर.

"चेन उतरली होती?"

"हो."

"गडाच्या पलीकडे गेला होतास. काबरं?"

"पुढे काय आहे ते बघायला," मी म्हणालो.

"जाऊ द्या हो," आतून आई म्हणाली, "काबरंच तो." नानांनी फडकं घेतलं आणि रविवार संपत आला असताना सायकल पुन्हा पुसायला बसले. मी जेवलो आणि तिथेच झोपलो.

उन्हाळ्यात हुकूम आले. दोन मास्तर गेले, नाना राहिले. पुढे कितीतरी दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सुसंस्कृत रकान्याची गोष्ट सांगत, आणि मी कोपऱ्यात पुस्तक तोंडापुढे धरून, समोरच्याला हिंदी किती येते याचा अंदाज घेत बसायचो. मग एक दिवस खात्याकडून शाळेत फॉर्मांच्या नकला परत आल्या असं काहीतरी ऐकलं, साहेबांच्या खोडाखोडीसकट. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. आयुष्यात मी न विचारलेलं काबरं ते एकच.

बारा-तेरा वर्षांनी मला आसामात नोकरी लागली. तोवर आई गेली होती आणि बुधवाऱ्यातल्या घरात नाना एकटे होते, ते आणि पाटावरची सायकल. मी तेव्हा मुंबईत शिकत होतो. जावं की नाही, हे विचारायचं धैर्य होईना. चार ओळी खरडून पाठवल्या, तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही. आठवड्याने पोस्टकार्ड आलं. अक्षर तेच, मोत्यासारखं. वर आशीर्वाद, प्रकृती बरी, रघूने केळ्यांची फणी आणून दिली वगैरे. आणि सगळ्यात खाली एक ओळ:

'तुझ्या जाण्यास माझी काही आपत्ती नाही. हिंदीतली. मराठीतली आहेच.'